कलमाला न लागलेला हात

कल्याण, ता. १२ जानेवारी १८८९

विश्रामदादा यांस गुरुदत्तचा नमस्कार.

हे पत्र शीळच्या पत्त्यावर टाकतो आहे, पण ते पोचेपर्यंत तुम्ही तिथेच असाल अशी पैज घरात कोणी मारायला तयार नाही. आई म्हणाली, "नाव विश्राम ठेवलं आणि पोराच्या पायाला भिंगरी लागली. लिही तू, सडकेवरच्या कुणा गाडीवानाला ठाऊक असेल."

मी मॅट्रिक पास झालो. तात्यांनी पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी स्टेशनातल्या मोठ्या कारकुनाला भेटूनही आले. रेल्वेची नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मनात वकिली आहे. जिल्हा वकिलीची परीक्षा द्यायची, सनद घ्यायची आणि ठाण्याच्या कोर्टात उभं राहायचं. मागे तात्यांबरोबर तिथे गेलो होतो तेव्हा एका वकिलाला बोलताना ऐकलं. त्याच्या पक्षकाराला स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, आणि हा माणूस त्याच्या वतीनं असा बोलला की साहेबानं लेखणी खाली ठेवली. ते काही डोक्यातून जात नाही.

आपल्या घरात कोर्टाची पायरी कामासाठी चढलेले तुम्ही एकटे. अप्पासाहेब वकिलांकडे दोन वर्षं कारकून होतात. तेव्हा मोकळेपणानं सांगा, हे काम माझ्यासारख्याला झेपेल का? आधी कोणाच्या हाताखाली राहावं, की नुसती पुस्तकं वाचून परीक्षा होते? आणि एवढं चांगलं ठिकाण तुम्ही का सोडलंत? घरी तुम्ही ते कधी सांगितलं नाहीत. तात्या म्हणतात, त्याला एका जागी बसवत नाही, दुसरं काय कारण. मला ते पटत नाही.

अप्पासाहेबांना माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्यात तर उपकार होतील.

आपला,
गुरुदत्त


शीळ, ता. २३ जानेवारी

चि. गुरुदत्तास विश्रामदादाचा आशीर्वाद, जो काही माझ्याकडे शिल्लक असेल तो सगळा.

पास झालास, फार बरं वाटलं. मी इथेच आहे, मामीला सांग. सडकेच्या ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी मांडतो. सकाळी नावं घ्यायची, दुपारी पुन्हा घ्यायची, मधल्या वेळात खडी फोडणाऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या. त्यात एक साताऱ्याकडचा आहे, तो दगडाला कान लावून सांगतो कुठं फुटेल ते. परवा मीही कान लावून पाहिला. नुसता गार लागला. ते असो, तू वकिलीचं विचारलंस.

माझं विचारशील तर होऊ नकोस. एक तर चालून चालून पायांचे तुकडे पडतात. पक्षकार काही कोर्टाच्या शेजारी राहत नाहीत, ते राहतात कुठं घोडबंदराकडं, कुठं खाडीच्या काठाला, आणि कागदाला त्यांचा हात लागायला हवा असतो म्हणून कुणीतरी तिथं जावं लागतं. वकील जात नाही, तुझ्यासारखा शिकाऊ जातो. आणि बोलण्याचं म्हणशील तर वकील फारसा बोलत नाही, वकील थांबतो. आवारात सकाळपासून गावोगावची माणसं येऊन बसलेली असतात. एका फडक्यात भाकरी, दुसऱ्यात कागद. कागद वाचता येत नाहीत, पण भाकरीपेक्षा जपून धरतात. पुकारा झाला की दहाजण उठतात, एक आत जातो, बाकीचे पुन्हा बसतात. मग आत गेलेलाही बाहेर येतो, कारण तारीख पडलेली असते. असे दिवसच्या दिवस गेले की घटकाभर बोलायला मिळतं. तू ऐकलंस ती नेमकी ती घटका.

कारकुनी तर त्याहून सोपी. ज्याला सही येत नाही त्याची निशाणी आपण काढायची. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाईमाणसाची बांगडी. काढायची आपण, पण काढताना त्यानं आपल्या कलमाला हात लावायचा, की झाली त्याची सही. खाली आपण 'दस्तुर' म्हणून आपलं नाव घालायचं, म्हणजे हे मी त्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून लिहिलं. माझा नांगर फार सुरेख यायचा. लोक बघत राहायचे. बांगडीत काय, नुसतं वाटोळं.

रेल्वे चांगली. गाडी येते, गाडी जाते, कुणाचं वाईट होत नाही.

अप्पासाहेबांना मी पत्र लिहिणार नाही. तूही त्यांच्याकडे जाऊ नकोस. ते वाईट आहेत असं नाही, पण ठाण्यात दुसरे वकील पुष्कळ आहेत. मी का सोडलं, तर मामा म्हणतात तेच धर.

इथं बोरं फार गोड निघाली आहेत यंदा. कुणी कल्याणला येणारा भेटला तर पाठवतो.

विश्राम


ठाणे, ता. ४ मार्च

विश्रामदादा यांस नमस्कार.

बोरं पोचली नाहीत. मी मात्र ठाण्याला पोचलो, आणि तुम्ही नको म्हणालात त्यांच्याकडेच. रागावू नका. तुमचं अप्पासाहेबांशी काही बिनसलं असेल असं धरून मी दबकतच पायऱ्या चढलो. नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "विश्रामचा मामेभाऊ? मग अक्षर चांगलं असणार." बसवून घेतलं, लिहायला एक कैफियत दिली. मग मान वर न करता विचारलं, "तो असा न सांगता का गेला रे? मी काही बोललो होतो का त्याला?" तुम्ही एकदा भेटून गेलात तर बरं. त्यांच्या मनात काहीच नाही.

काम मला आवडतं. चालण्याचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, पण चालता येतं. जुनी दफ्तरं लावायला दिली आहेत, त्यांत जागोजाग तुमचं अक्षर भेटतं. परीक्षेच्या अर्जाला चांगल्या चालचलणुकीचा दाखला लागतो. तो अप्पासाहेब देणार आहेत.

आता एक गोष्ट विचारतो. कोलशेतची गंगुबाई म्हणून एक म्हातारी आमची पक्षकार आहे. तिच्या दिरानं, गुणाजीनं, ती राहते त्या घराचा दावा लावला आहे. तो म्हणतो, भाऊ एकत्रच होते, तेव्हा भावाच्या मागे सगळं माझं, बाईनं घर सोडावं. ती म्हणते, नवऱ्याच्या हयातीतच वाटण्या झाल्या होत्या, तोंडी, अंगणात बसून. जे चार लोक तिथे होते ते वारले. उरला तिचा एकटीचा शब्द. आणि तिच्या शब्दावर साहेबाचा विश्वास बसेल कसा? तीन वर्षांमागे खाडीकाठच्या भातशेताचं तिचं अपील याच कोर्टात फेटाळलं गेलं. त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे, की ही बाई शपथेवर खोटं बोलते. गुणाजीच्या वकिलानं ती नक्कल आधीच दाखल केली आहे. अप्पासाहेब म्हणतात, "बाईकडे पाहिलं की खरी वाटते. पण कागदावरचं मी पुसू शकत नाही."

असले पक्षकार वकिलाचं सगळं करणं फुकट घालवतात, हे मला यातून कळलं. अपिलाच्या वेळी तुम्ही इथेच होतात, तुम्हाला ती आठवत असेल. तिला तुम्ही आठवता. परवा विचारत होती, "तो लांबडा पोऱ्या कुठं हाय आता? बरा हाय ना?"

तारीख पंधरा एप्रिल आहे.

आपला,
गुरुदत्त


शीळ, ता. ९ मार्च

गुरुदत्ता,

हे तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिल्या दोन वेळा बोरांबद्दलच लिहीत गेलो.

ती खोटी नाही. तिला खोटी मी केली.

अपिलाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. वकीलपत्रावर तिची निशाणी हवी होती. अप्पासाहेबांनी मला सकाळी कोलशेतला धाडलं, तिला आदल्या दिवशी निरोप गेला होता की घरी थांब. मी निघालो. वाटेत खाडीवर एक मचवा ओहोटीत चिखलात रुतलेला, आणि वीस-पंचवीस माणसं दोर लावून त्याला ओढताहेत. एकजण गाण्याची ओळ सांगतो आणि बाकीचे तिच्या शेवटच्या अक्षरावर जोर लावतात. मी बघत उभा राहिलो. मग वाटलं, आपणही एक हात लावू. दप्तर काठावर ठेवलं आणि चिखलात उतरलो. मचवा सुटला तेव्हा सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं, कारण माझी उंची बघून त्यांना फार हसू येत होतं. मग त्यांनी जेवायला बसवलं, सुकी मासळी आणि भात. खरं सांगतो, त्या दोन वर्षांत मी इतका खुशीत कधी नव्हतो.

गंगुबाईच्या दारात पोचलो तेव्हा कडी लागलेली. शेजारीण म्हणाली, "दुपारपावत वाट बघत बसली व्हती. मुंब्र्याला लेक अडली म्हणून बोलावणं आलं, तरी उठंना. म्हणं वकिलाचा मानूस येनार हाय. मंग गेली बिचारी." मुंब्रा पलीकडच्या अंगाला, आणि होडी दुसऱ्या दिवशी. तिथपर्यंत जाऊन परत यायला मुदत पुरली नसती.

मी तिच्या ओट्यावर बसलो, दप्तर उघडलं आणि बांगडी काढली. तिचा हात नव्हता. खाली लिहिलं, दस्तुर विश्राम. मला तेव्हा काही मोठं केलं असं वाटलंसुद्धा नाही. तिला अपील करायचंच होतं. अप्पासाहेबांना मी म्हणालो, झालं काम.

गुणाजीला कुठून तरी कळलं की त्या दिवशी ती गावात नव्हती. त्याच्या वकिलानं हरकत घेतली, साहेब म्हणाले बाईलाच विचारू. पुकारा व्हायच्या आधी मी तिला झाडाखाली गाठलं आणि सांगितलं, "मावशी, कलमाला हात लावला होता म्हणा." ती म्हणाली, "पन म्या कुठं लावला?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझी चाकरी जाईल का रे?" मी म्हणालो, हो.

ती आत गेली आणि शपथेवर सांगितलं, लावला होता.

मग त्यांनी मुंब्र्याची सुईण उभी केली. तिनं दिवस सांगितला, वेळ सांगितली, नातवाचं नावही सांगितलं. साहेब चिडले. एका निशाणीसाठी जी शपथेवर खोटं बोलते तिच्या वाटणीच्या गोष्टीवर मी विश्वास का ठेवावा, असं त्यांनी निकालात लिहिलं. मी दाराशी दप्तर धरून उभा होतो. अप्पासाहेब माझ्यापासून चार हातांवर. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. मी दप्तराची गाठ सोडून पुन्हा बांधली.

बाहेर आल्यावर अप्पासाहेब हळहळले. म्हणाले, "बाईनं खरं सांगितलं असतं तर साहेबांनी नवीन निशाणी घ्यायला चार दिवस दिलेही असते." त्यांना वाटलं तिनंच कुणा दुसऱ्या बाईला आपल्या नावानं माझ्यापुढे बसवलं आणि मला फसवलं. मी तसं वाटू दिलं. आठव्या दिवशी ठाणं सोडलं.

हे पत्र अप्पासाहेबांना दाखव. काय करायचं ते त्यांना कळेल. मला बोलावलं तर मी येईन. आपणहून निघावं असं रोज मनात येतं, पण पाय सडकेवर पडला की भलतीकडेच वळतो. पंधरा एप्रिलच्या आधी दाखव.

विश्राम


ठाणे, ता. २० एप्रिल

विश्रामदादा यांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. कामाची फार गर्दी होती. आपलं मार्चातलं पत्र पोचलं. ते जपून ठेवलं आहे.

परीक्षेचा अर्ज बारा तारखेला गेला. अप्पासाहेबांचा दाखला फार चांगल्या शब्दांत आहे. तात्यांनीही आता रेल्वेचा विषय काढणं सोडलं आहे.

गंगुबाईच्या दाव्याचा निकाल पंधरा तारखेला लागला. साहेबांनी जुन्या निकालाचाच आधार घेतला. ज्येष्ठ लागायच्या आत तिनं घर सोडायचं आहे. मी पुस्तकांत पाहिलं, नुसतं पत्र हा पुरावा होत नाही. लिहिणारा स्वतः उभा राहावा लागतो. तेव्हा ते पुढे केलं असतं तरी फारसं काही झालं असतं असं नाही.

उन्हाळा कडक आहे. तुम्ही प्रकृतीला जपावं.

आपला,
गुरुदत्त


शीळ, ता. २६ एप्रिल

गुरुदत्ता,

जपून ठेवलंस म्हणजे दाखवलं नाहीस.

रागावलो नाही. रागवायला तोंड लागतं. तुझं पत्र मी खडीच्या ढिगावर बसून वाचलं आणि दुपारची हजेरी घ्यायला विसरलो. ठेकेदार ओरडत आला. मी त्याला म्हणालो, माझंच नाव काढून टाका.

जानेवारीत तू सरळ विचारलं होतंस की का सोडलं. मी तुला पायांचं आणि निशाण्यांचं सांगत बसलो. तेव्हाच खरं लिहिलं असतं तर तू तिथं गेला नसतास, किंवा गेलास तरी डोळे उघडे ठेवून गेला असतास. अप्पासाहेबांकडे जाऊ नको म्हणालो ते तुझ्यासाठी नव्हे, माझं अक्षर तुला दफ्तरात सापडू नये म्हणून. आणि मग मी माझं ओझं पाकिटात घालून तुझ्या हातात दिलं, परीक्षेच्या ऐन तोंडावर. दाखला देणारे तेच, आणि त्यांच्याच कारकुनाची खोटी निशाणी त्यांना दाखवणारा तू. मी चोवीस वर्षांचा असून जे केलं नाही ते अठराव्या वर्षी तू करशील असं मी कशावरून धरलं?

तू विचारलेल्याचं उत्तर आता देतो, उशिरा का होईना. दुसऱ्याच्या नावानं लिहायची, दुसऱ्याच्या वतीनं बोलायची सवय लागते. काही दिवसांनी वाटायला लागतं की तो दुसरा समोर नसला तरी चालेल, त्याला काय हवं ते आपल्याला ठाऊकच आहे. मला हे दोन वर्षांत वाटायला लागलं. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, तुला लवकर वाटेल. एवढं सांभाळता येत असेल तर वकील हो. झेपेल का ते मला सांगता येणार नाही.

मी येत्या सोमवारी ठाण्याला येतो. अपिलाला तीस दिवस असतात, ते संपलेले नाहीत. जे लिहिलं ते शपथेवर सांगेन. ते पत्र तू चुलीत घाल. मी अप्पासाहेबांना म्हणेन की गुरुदत्तला यातलं काही ठाऊक नव्हतं, मला आत्ताच उपरती झाली. तुझा दाखला राहील. एवढं खोटं माझ्या खात्यावर आणखी चालेल.

विश्राम


कल्याण, ता. ३० एप्रिल
(विश्रामदादांस, मार्फत अप्पासाहेब वकील, ठाणे)

विश्रामदादा यांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मार्चातलं पत्र मी अप्पासाहेबांपुढे ठेवलं, पाकिटासकट. त्यांनी आधी ते वाचलं. मग पाकीट उलटसुलट करून टपालाचा शिक्का पाहिला.

"नऊ मार्चला निघालेलं?"

"हो."

"आणि आज?"

त्यांनी परीक्षेच्या कचेरीला स्वतःच्या हातानं लिहून दाखला परत मागवला. मला म्हणाले, "तू मूर्ख असतास तर राहू दिला असता."

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका. मी काय केलं ते सांगतो. तुमचं पत्र आलं तेव्हा दाखल्याचा मसुदा माझ्याच पुढ्यात होता, पक्की प्रत करायला मलाच दिला होता. म्हटलं, दाखल्यावर सही झाली की पत्र देतो. सही झाली. म्हटलं, अर्ज जाऊ दे. अर्ज गेला आणि तिसऱ्या दिवशी तारीख होती. सकाळी पत्र अंगरख्याच्या खिशात घालून कोर्टात गेलो. निकाल वाचत होते तेव्हा ते खिशातच होतं. पुस्तकातलं कलम मी नंतर शोधलं.

घरी परत येऊन तात्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, विश्रामला जामीन लागेल, आणि पागोटं घालून तुमच्याकडे यायला निघाले.

गंगुबाईला मी तोंड दाखवलेलं नाही. अप्पासाहेबांनी तिला एवढाच निरोप धाडला की जुना कारकून सापडला. माझं नाव त्यात नाही. ते तसंच राहावं असं एकदा वाटतं, आणि वाटलं की जेवण जात नाही.

गुरुदत्त


ठाणे, ता. ९ मे

चि. गुरुदत्तास,

सोमवारी येतो म्हणालो आणि गुरुवारी पोचलो. तीन दिवस मुंब्र्याच्या बंदरावर होतो. या खेपेला वाटेत काही बघत बसलो नव्हतो. नुसताच बसलो होतो.

माजिस्ट्रेटापुढे जबानी दिली. मामा जामीन राहिले, वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि स्टेशनावर मला केळी घेऊन दिली. खटला होईल. अप्पासाहेब म्हणतात सहा महिने धरून चाल. त्यांनी माझी जबानी जोडून काल अपील दाखल केलं, आणि साहेबांना स्वतः लिहून दिलं की निशाणी माझ्या कारकुनानं तिच्या माघारी काढली, मी तपासली नाही. त्यांच्या सनदेवर डाग येईल का, मी विचारलं. ते म्हणाले, "तो माझा प्रश्न आहे. तू त्या दिवशी मला का नाही सांगितलंस, एवढंच सांग." भ्यालो, हे त्यांना ठाऊक आहे.

अपिलाचं काय होईल कुणी सांगत नाही. तिच्यावर लागलेला खोटेपणा निघाला तर तिचा शब्द ऐकावा लागेल, इतकंच. घर राहील असं नाही.

काल दुपारी कोलशेतला जाऊन आलो. ती अंगणात जाळं पसरून त्यातले काटे काढत होती. मला बघून उठली नाही.

"आलास?"

मी उभ्यानंच सगळं सांगायला लागलो. मचव्यापासून. तिनं मधेच हात वर केला.

"ते मना ठावं हाय. कोरटात मीच तं उभी व्हते. नवीन काय ते सांग."

मी म्हणालो, जबानी दिली, बहुतेक तुरुंगात जाईन.

"आन माझं घर?"

"अपील लावलंय."

"घर गेलं तं तू तुरुंगात बसून मना काय?" असं म्हणून पुन्हा काटे काढायला लागली. मी खाली बसलो आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं. तिनं धरू दिलं. माफीचा शब्द माझ्या तोंडात होता, पण तो काढला असता तर तिला आणखी एक काम लागलं असतं, मला माफ करायचं. म्हणून काढला नाही.

मग तिनंच तुझा विषय काढला. मी काही बोललेलो नव्हतो, तुझी शपथ.

"तो बारका वकील तुझाच ना? नाक तसंच हाय. गेल्या महिन्यात तीन वकताला आला, कागद हवं म्हून. तिन्ही वकताला माझ्या घरचं पानी पेला. दाराच्या चौकटीकडं बघून पेला, माझ्याकडं नाय. तवाच म्हनलं, हेच्या पोटात काय तरी हाय."

मी जाळ्याकडे बघत राहिलो. खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि खरं तुझं होतं, माझं नव्हतं.

निघताना म्हणालो, "गुरुदत्तनं रेल्वेत जायचं ठरवलं असावं." ती हसली नाही, चिडलीही नाही. जाळं झटकून दोरीवर टाकलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्याला सांग, आदी हितं ये, आन सवता सांग. मंग व्हायचा तो वकील हो."

विश्राम